मानव तस्करीच्या गुन्ह्यात घरच्या माणसाचं नाव आलं तर : इंदुरात पहिल्या दिवसापासून काय करायचं

इंदुरात असा गुन्हा नोंदला गेला की घरचे लोक आधी ओळखीचा नेता शोधतात, मग ओळखीचा पत्रकार, आणि वकिलाकडे येतात तिसऱ्या दिवशी. तोवर माणूस थान्यात दोन-चार कागदांवर सह्या करून मोकळा झालेला असतो, आणि धाकट्या भावाने पीडित मुलीच्या घरी फोन करून ‘मिटवून टाकू’ म्हटलेलं असतं. खटला पुढे पाच वर्षं चालो की सहा महिने, त्याचा कल पुष्कळदा या पहिल्या आठवड्यातच ठरतो. थाना, पेशी (कोर्टाची तारीख), चालान (आरोपपत्र) यांच्याशी ज्यांचा कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वकील मात्र लागेलच.

आणखी एक. समोरच्या बाजूला खरोखर विकलं गेलेलं मूल किंवा फसवून आणलेली बाई असू शकते. बचाव करताना तिची नालस्ती करायची गरज नसते, आणि ज्या बचावाचा सगळा भर तिच्या चारित्र्यावर असतो तो कोर्टात टिकतही नाही.

आधी एफआयआर मिळवा

तस्करीचे गुन्हे संवेदनशील म्हणून पोलीस बहुधा वेबसाइटवर टाकत नाहीत. तिथे एफआयआर दिसली नाही म्हणजे गुन्हा नाही, असं समजू नका. आरोपीच्या वतीने कोर्टात नकलेचा अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांप्रमाणे कोर्टाने ती कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायची असते.

कागद हिंदीत असेल, आणि त्यात ‘तस्करी’ऐवजी ‘दुर्व्यापार’ लिहिलेलं दिसेल. तारखेकडे लक्ष द्या. घटना १ जुलै २०२४ किंवा नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागतं. त्याआधीची असेल तर जुन्या दंड संहितेचं कलम ३७०, मग एफआयआर कालची का असेना. सोबत आणखी कलमं असतात : शोषणाचं १४४, वेश्याव्यवसायाचा आरोप असेल तर १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, मूल असेल तर पॉक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा), बाल न्याय कायदा किंवा बालमजुरीचा कायदा, वीटभट्टी-कारखान्याचा मामला असेल तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा.

शिक्षा कडक आहेत. एका प्रौढ व्यक्तीबाबत सात ते दहा वर्षं. एकाहून जास्त व्यक्ती असतील किंवा एक मूल असेल तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप. एकाहून जास्त मुलं असतील तर किमान चौदा वर्षं. आरोपी सरकारी नोकर किंवा पोलीस असेल तर उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आणि खटला सत्र न्यायालयात. म्हणून फक्त चेक बाउन्स आणि घटस्फोटाची कामं करणारा शेजारचा वकील पहिल्या रात्री धावून आला तर उत्तम, पण खटला सत्र न्यायालयात फौजदारी कामं करणाऱ्याकडेच द्या.

कलम १४३ मध्ये सिद्ध काय करावं लागतं

हा भाग सावकाश वाचा, कारण बचाव इथेच उभा राहतो किंवा पडतो.

सरकार पक्षाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली कृती : माणसाला भरती केलं, नेलं, आसरा दिला, दुसऱ्याच्या हवाली केलं किंवा ताब्यात घेतलं. दुसरा मार्ग : धमकी, जबरदस्ती, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष, त्या व्यक्तीवर ज्याचा ताबा आहे त्याला पैसे देऊन होकार मिळवणंही यातच आलं. तिसरा हेतू : शोषण. त्यात शारीरिक आणि लैंगिक शोषण, गुलामी, वेठ, भीक मागायला लावणं, अवयव काढणं हे सगळं येतं.

समजा, परदेशीपुऱ्यातला एक टेम्पो ट्रॅव्हलरवाला आहे. एका केटरिंगवाल्याच्या सांगण्यावरून त्याने खंडव्याहून सहा मुली लग्नसराईच्या कामाला म्हणून आणल्या आणि सरवटे बस स्टँडजवळ सोडल्या. पुढे त्यांना भलत्याच ठिकाणी नेलं गेलं. एफआयआरमध्ये केटरिंगवाला पहिला आरोपी, ड्रायव्हर दुसरा. ड्रायव्हरने ‘मी आणलंच नाही’ म्हटलं तर तो फास्टॅगच्या नोंदीतच पकडला जाईल. कृती झालीय, ती नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा बचाव मार्गात आणि हेतूत आहे : त्याने कुणाला फसवलं नाही, दमदाटी केली नाही, पुढे काय होणार ते त्याला माहीत नव्हतं, आणि भाडं मिळालं ते नेहमीच्या दराने. किलोमीटरमागे नेहमीचा दर आणि या फेरीला मिळालेला दर सारखाच दिसला, तर तो एक कागद दहा साक्षीदारांचं काम करतो. दुप्पट दिसला, तर सरकारी वकील तोच कागद त्याच्याविरुद्ध वापरेल. म्हणून वकिलाला खरं सांगा, सगळं सांगा, आणि फक्त वकिलालाच सांगा.

‘त्या स्वतःहून आल्या होत्या’ हे उत्तर प्रत्येक घरात ऐकू येतं. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की तस्करी झाली की नाही हे ठरवताना पीडित व्यक्तीची संमती महत्त्वाची नाही. संमती होती असं म्हणण्यापेक्षा फसवणूक किंवा दबाव नव्हताच हे दाखवणं वेगळं, आणि फायद्याचं. मूल अठराच्या आतलं असेल तर संमतीचा शब्दही काढू नका.

मजुरांच्या ठेकेदारांसाठी वेगळी सूचना. ‘आम्ही खाणं-राहणं देत होतो’ असं अभिमानाने सांगत सुटू नका. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं हेही घटनेच्या अनुच्छेद २३ खालचं सक्तीचं श्रम ठरतं. तुमचा बचाव हजेरीपटात, बँकेतून दिलेल्या पगारात आणि मजूर सुट्टीला गावी जाऊन परत आल्याच्या तिकिटांत आहे. मजुरांची आधार कार्डं मालकाच्या कपाटात सापडली असतील, तर ती गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

अटकेच्या वेळी

अटक मेमो बनतो. त्यावर तारीख आणि वेळ असते आणि घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची सही असते. वेळ वाचूनच सही करा. दुपारी उचललेल्या माणसाची अटक मेमोवर रात्री दहाची दिसत असेल, तर चोवीस तासांचं गणित बदलतं. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं बंधनकारक आहे. दुपारी खरंच थान्यात होता हे दाखवायचं तर तिथलं सीसीटीव्ही कामाला येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानंतर प्रत्येक थान्यात कॅमेरे असायला हवेत. फुटेज जपून ठेवावं, असा अर्ज पहिल्याच पेशीला कोर्टात द्या. महिन्याभराने त्याचा उपयोग नसतो.

अटकेची कारणं लेखी आणि माणसाला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. आधी लेखी देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टात उभं करण्याच्या निदान दोन तास आधी तरी. आपली इंदूरची माणसं हिंदी जाणतात, तिथे भाषेचा मुद्दा ताणू नका. पण कामासाठी जळगाव-बुलढाण्याहून आलेला, हिंदी जेमतेम समजणारा मावसभाऊ असेल तर हा मुद्दा पहिल्या रिमांडलाच उचलावा लागतो. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवाद सोडला तर, अटक करता येत नाही.

चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, पण पुरती मोकळीक समजू नका. सांगितलेल्या जागेवरून वस्तू सापडली तर तेवढं बोलणं पुराव्यात येतं. इकडच्या थान्यांत त्याला ‘मेमोरंडम’ म्हणतात आणि निम्म्या खटल्यांत तोच मुख्य कागद असतो. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही, एवढं माणसाला आत जाण्यापूर्वी बजावा.

दुसऱ्या राज्याचे पोलीस न्यायला आले, समजा सुरतेचे किंवा पुण्याचे, तर ते साधारणपणे इंदुरातल्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला तिकडे न्यायची परवानगी, घेतात. तिथे वकील हजर हवा. अटक अजून झाली नसेल, तर बाहेरच्या राज्यातल्या गुन्ह्यासाठीही इथल्या सत्र न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे मर्यादित मुदतीचा ट्रान्झिट अग्रिम (अटकपूर्व) जामीन मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय.

पैसे नसतील तर वकील

कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. महिला आरोपीला कोठडीत नसतानाही. अर्ज जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात करा, १५१०० वर फोन करा, नाहीतर पहिल्या रिमांडला मॅजिस्ट्रेटला तोंडी सांगितलं तरी पुरतं. ‘सरकारी वकील म्हणजे नावापुरता’ हा समज जुना झाला. खंडव्याच्याच एका खटल्यावरून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात मोफत मदतीतला वकील किमान दहा वर्षं वकिली केलेला असावा, आणि त्याला तयारीला साधारण किमान सात दिवस मिळावेत. मिळाले नाहीत तर कोर्टात तसं नोंदवून घ्या.

कोर्टाच्या आवारात ‘साहेबांशी सेटिंग आहे’ म्हणणारे भेटतीलच. त्यांना चहाही पाजू नका.

घरच्यांनी गोळा करायचे कागद

वकील कोर्ट सांभाळतो, कागद घरच्यांनी शोधायचे असतात. रेल्वे स्टेशन, दुकान, सोसायटी यांचं सीसीटीव्ही थोड्या दिवसांत पुसलं जातं. ते तुम्ही जबरदस्तीने मागू शकत नाही, पण ते जपून ठेवायचा आदेश कोर्टाकडून मिळवता येतो. कुठला कॅमेरा, कुठली तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, एवढं अर्जात हवं. फास्टॅगचा तपशील, यूपीआयच्या नोंदी, बँक स्टेटमेंट, ड्युटीचं रजिस्टर काढून ठेवा. मोबाइल पोलिसांनी नेला नसेल तर त्यातलं काहीही डिलीट करू नका, नकोसं असलं तरी. पुरावा नष्ट केल्याचा दुसरा गुन्हा लागतो आणि पहिल्यात जामीन अवघड होतो. चॅट कोर्टात द्यायचं तर स्क्रीनशॉट पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

घरमालक अडकला असेल तर भाडेकरार आणि थान्यात दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पावती काढा. प्रश्न एकच असतो : आत काय चाललंय हे त्याला माहीत होतं का? अनैतिक व्यापार कायद्याच्या कलम १८ खाली घर बंद करण्याची नोटीस आली तर उत्तराला फक्त सात दिवस असतात, आणि ही नोटीस मुख्य खटल्यापासून वेगळी चालते. पुष्कळ काका-आजोबा मंडळी ती फाइलला लावून ठेवतात आणि मुदत जाते.

वॉरंटशिवाय धाड झाली असेल तर त्या कायद्याचं कलम १५ वकिलासोबत बसून वाचा. त्या भागातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, त्यांतली निदान एक बाई. पथकात दोन महिला पोलीस हव्यात. नव्या प्रक्रिया संहितेच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण झालेलं हवं. त्याची प्रत मागा. एवढी एक त्रुटी निघाली म्हणून सुटका होईल असं मात्र धरून चालू नका.

वयाचा वाद असेल तर क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. पीडितेचं वय अठराच्या या बाजूला की त्या बाजूला, यावर सात वर्षं की जन्मठेप हे ठरू शकतं. आरोपी स्वतःच अठराच्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. त्याला मोठ्यांच्या लॉकअपमध्ये एक रात्रही राहू देऊ नका.

आरोपी बाई असेल तर आणखी एक विचारा, हळूच, एकांतात : तिलाच कधी कुणी आणून विकलं होतं का? ज्या घरात तिला वर्षानुवर्षं ठेवलं, तिथल्याच किल्ल्या पुढे तिच्या हाती आल्या, असं घडतं. हे कोर्टापुढे आलं तर तिच्याकडे पाहण्याची नजर बदलू शकते, पण ती आपण होऊन सांगत नाही.

जामीन

आधी सत्र न्यायालय, नाकारलं तर इंदूर खंडपीठ. मुलांच्या प्रकरणात आशा जपून ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या बालतस्करीच्या प्रकरणात आरोपींचे जामीन रद्द केले आणि देशभरातले असे खटले सहा महिन्यांत संपवण्याबाबत उच्च न्यायालयांना निर्देश दिले. सत्र न्यायाधीशाच्या मनात तो निकाल असतोच. तरी भूमिका किरकोळ असेल, चालान दाखल झालं असेल, पीडितेच्या मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबात नाव नसेल, तर जामीन मिळू शकतो.

चालान मुदतीत आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. मुदत ६० दिवस की ९०, हा प्रश्न वकिलाला जरूर विचारा. जन्मठेप होऊ शकेल तिथे ९०. पण फक्त १४३(२) लागलं असेल, जिथे किमान शिक्षा सात वर्षं आहे, तिथे ६० चा मुद्दा मांडता येतो. जुन्या प्रक्रिया संहितेखाली २०१७ च्या राकेशकुमार पॉल निकालाने तसंच ठरवलं होतं. नव्या प्रक्रिया संहितेचे शब्द थोडे वेगळे आहेत, म्हणून पोलीस ९० म्हणतील. एकसष्टाव्या दिवशी सकाळी, चालान यायच्या आत अर्ज कोर्टात पडला पाहिजे. अर्ज द्यायच्या आधी चालान आलं तर हा हक्क गेला.

जामीन मिळाला तरी सुटका अडते ती जमानतदारावर, म्हणजे जामीन राहणाऱ्या माणसावर. इथली कोर्टं त्याच्या जमिनीची ऋण पुस्तिका (मालकीची नोंदवही) मागतात आणि तिच्यावर नोंद करतात. नाशिकच्या काकांचा सातबारा घेऊन आलात की बाबू मान हलवतो. तेव्हा १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल पुढे करा. एका गरीब गवंड्यासाठी त्याचा भाऊ जामीन राहत होता, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. त्यातूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधिक सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. कळवलंय का, ते विचारा.

बाहेर आल्यावर पीडितेला, तिच्या आईला, गावच्या सरपंचाला, कुणालाही फोन करायचा नाही. मध्यस्थ पाठवायचा नाही. हा गुन्हा आपसांत मिटत नाही; मिटवायला गेलेला माणूस साक्षीदार फोडल्याच्या आरोपात जामीन गमावतो. तिचं नाव, फोटो, गाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं तर दूरच. मोहल्ल्याच्या ग्रुपवर ‘आमच्या दादाला फसवलंय’ अशी पोस्ट वहिनींनी टाकली की तिचा प्रिंट पुढच्या पेशीला सरकारी वकिलाच्या हातात असतो.

चालान आल्यावर

सगळी प्रत मिळते, ती पानापानाने वाचा. पोलिसांनी घेतलेला जबाब आणि मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब शेजारी ठेवा. पहिल्यात ‘एक माणूस’ आणि दुसऱ्यात तुमच्या माणसाचं नाव असेल, तर मधल्या दिवसांत ओळख कशी झाली, हाच उलटतपासणीचा गाभा होतो. पुरावा अगदीच नसेल तर डिस्चार्जचा (खटल्याआधीच आरोपमुक्त करण्याचा) अर्ज खटला सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून साठ दिवसांत करावा लागतो. ही मुदत नवी आहे आणि जुने वकीलही कधीकधी विसरतात, तुम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पुढे साक्षी, आरोपीचा जबाब, युक्तिवाद. पेशी चुकवू नका. खटल्याचा सीएनआर नंबर (कोर्टाचा ओळख क्रमांक) लिहून घेतला की पुढची तारीख ई-कोर्टच्या अ‍ॅपवर दिसते, बाबूला विचारत फिरावं लागत नाही. जप्त झालेली गाडी थान्याच्या आवारात सडू देऊ नका. सुपुर्दगीचा (गाडी परत ताब्यात मिळण्याचा) अर्ज खटला संपायची वाट न पाहता करता येतो.

शिक्षा झाली तर उच्च न्यायालयात अपिलाला साठ दिवस, आणि अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज. निर्दोष सुटला तरी कोर्ट सहा महिन्यांचं बंधपत्र लिहून घेतं, वरच्या कोर्टाने बोलावलं तर हजर राहीन म्हणून. निकालाच्या दोन-तीन प्रमाणित नकला त्याच वेळी काढून घ्या, कारण पासपोर्टच्या आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीत हे प्रकरण पुढेही निघत राहतं आणि दर वेळी रेकॉर्ड रूमची फेरी मारायला कुणाला वेळ नसतो.